कोसा आमचा, मग येनाचं झाड कोणाचं?



गेल्या उन्हाळ्यात आपल्या भागातल्या तीन-चार गावांत एक जीपगाडी फिरून गेली. गाडीतली माणसं बोलायला चांगली होती. मोहाखाली बसली, पाणी प्याली आणि विचारू लागली, तुमच्या जंगलात येनाची साल किती निघेल? हिरडा किती? पळसाची फुलं वाळवून पोत्यात भरून द्याल का? लाख बसते का? शहरात आणि परदेशात आता झाडापाल्याच्या रंगाचं कापड मागतात म्हणे. गावातल्या पोट्ट्यांनी लगेच हिशोब मांडला, एका पोत्याचे इतके तर पन्नास पोत्यांचे किती. एक म्हातारा ढिवर बाजूला जाळं विणत बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, "साल काढली तं कोसा कशावर बसवाचा?"

जीपगाडीवाल्यांकडे त्याचं उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडेही नव्हतं. त्यावर आम्ही संघटनेच्या बैठकीत दोन रात्री बोललो, थोडं भांडलोही. त्यातून जे निघालं ते इथे लिहितो आहोत. पटलं नाही तर गावात चर्चा करा आणि आम्हाला कळवा.

पहिली गोष्ट ही, की ती माणसं खोटं बोलत नव्हती. कारखान्यात होणाऱ्या काही रंगांपासून माणसाला रोग होतो असं दिसल्यावर जर्मनीने त्या रंगांवर बंदी घातली, आणि 1997 साली आपल्या सरकारनेही काही रंगांवर घातली. त्यामुळे व्यापाऱ्यांचं लक्ष पुन्हा झाडापाल्याकडे वळलं आहे. यात गंमत अशी की हाच धंदा एकदा परदेशी कारखान्यांनी बुडवला होता. वऱ्हाड-नागपूर भागात आल नावाचं पीक शेतात घेत. तीनेक वर्षं वाढवायचं, मग मुळं खणून काढायची आणि त्यातून लाल रंग करायचा. 1868 साली जर्मनीत तोच लाल रंग कारखान्यात करायची युक्ती सापडली, आणि काही वर्षांत आलीचं पीक बसलं. 1897 पासून नीळही कारखान्यात होऊ लागली. आल पिकवणाऱ्याला तेव्हा कोणी विचारलं नाही. म्हणून आज कोणी गाडी घेऊन आलं की आधी आपलं आपण बघावं, असं आमचं मत आहे.

आपलं म्हणजे काय? कापडाचं पीक म्हटलं की सगळ्यांना कापूस आठवतो. आपल्या भागात धान होतो, कापूस फारसा नाही. पण आपल्याकडे कापडाचं एक पीक पिढ्यान् पिढ्या आहे. त्याला नांगर लागत नाही, खत लागत नाही, जंगल तोडावं लागत नाही. उलट जंगल उभं असेल तरच ते येतं. ते पीक म्हणजे कोसा.

ज्यांच्या गावात कोसा होत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण आमच्याच काही कार्यकर्त्यांना वाटत होतं की कोसा जंगलात आपोआप लागतो आणि जाऊन तोडून आणायचा असतो. तसं नाही. मागच्या पिकातले निवडक कोष बियाण्यासाठी राखून ठेवतात. पावसाच्या तोंडी त्यातून पाखरं बाहेर येतात. हे पाखरू काही खात नाही, चार दिवस जगतं. जोडी लागली की मादी दीडशे-दोनशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अंड्यातून बारीक किडे निघतात. पानाच्या दोन्यात ठेवून ते येनाच्या नाहीतर अर्जुनाच्या कोवळ्या फांदीला बांधतात. तिथून पुढे महिना-सव्वा महिना, थंडी पडली तर त्याहून जास्त, माणसानं झाडाखालून हलायचं नाही. किडा चार वेळा कात टाकतो. शेवटची कात टाकल्यावर तो असा खातो की रात्री शांत असली तर पानांचा आवाज येतो. एका झाडाचा पाला संपला की किड्यांसकट फांदी छाटून दुसऱ्या झाडावर न्यायची. कावळे, सरडे, मुंगळे, गांधीलमाशा सगळे टपून बसलेले असतात. गोफण घेऊन दिवसभर हाकारे घालायचे. पावसात झोपडीत भिजायचं. मासोळी-मटण वर्ज्य, आणखी बरेच नेम पाळायचे. एवढं करून देठासकट कोष फांदीला लागले तर पीक आलं. रोग पडला किंवा सलग पाऊस लागला तर हाती काही नाही.

आता सांगा, हे जंगलात आपोआप लागलेलं म्हणायचं का? एका ढिवर म्हाताऱ्याचं बोलणं आम्हाला फार पटलं. तो म्हणाला, "तुमी बांधीत धान पेरता, आमी झाडावर किडे पेरतो. तुमचे शेत हाय, आमचे कायले नाही?"

का नाही, ते आम्ही कायद्यात शोधलं. इंग्रजांनी 1927 साली केलेला वन कायदा आजही चालू आहे. त्यात वनउपज कशाला म्हणायचं याची यादी आहे. जंगलात सापडलेलं किंवा जंगलातून आणलेलं असेल तर वनउपज, अशा यादीत मध आणि मेणाच्या शेजारी रेशीम आणि कोष लिहिलेले आहेत. म्हणजे बियाणं आमचं, राखण आमची, पावसात भिजलो आम्ही, पण झाड सरकारी म्हणून या कायद्याच्या हिशोबाने कोष सरकारचा. दुसरी यादी याहून वाईट आहे. लाख, काथ, झाडाची साल, हिरडा, मोहाची फुलं या वस्तू जंगलातून आणल्या असोत की नसोत, वनउपजच. तुमच्या स्वतःच्या बांधावरच्या पळसावर लाख बसली तरी ती कायद्याच्या नजरेत वनउपज. नीट बघा, ही रंगाच्याच सामानाची यादी आहे. लाखेचा लाल, काथाचा तपकिरी, सालीचा, हिरड्याचा. जीपगाडीवाले ज्याची चौकशी करत होते त्यातलं पळसाचं फूल सोडलं तर सगळं या यादीत आहे. उद्या माल भरून गाडी निघाली आणि नाक्यावर अडवली, तर पीओआर व्यापाऱ्यावर फाटणार नाही, पोतं ज्याच्या डोक्यावर असेल त्याच्यावर फाटेल.

झाडाचीही तीच कथा. कोसा करणारा दरवर्षी येनाचं झाड वरून छाटतो, म्हणजे नवी कोवळी पालवी फुटते आणि किड्याला चांगलं खाणं मिळतं. छाटलेलं येन मरत नाही, उलट झुडुपासारखं डवरतं. हे आमच्या आज्यापणज्यांना ठाऊक होतं. पण गार्डाला दिसते ती कुऱ्हाड. फांदी छाटली म्हणून गुन्हा. आणि तेच येन कूप पडलं की बुंध्यापासून तुटतं आणि डेपोत जातं, तो गुन्हा नाही. 1974 साली वन विकास महामंडळ झालं. त्यानंतर मिसळीचं जंगल साफ करून कितीतरी ठिकाणी एकट्या सागाच्या रांगा लावल्या गेल्या. सागावर टसरचा किडा जगत नाही. सागाखाली गवत धड उगवत नाही तिथे बाकीचं काय बोलायचं.

इथे आमच्या चळवळीला एक कडू गोष्ट कबूल करावी लागते. जबरानजोतीच्या लढाईत आम्ही गावोगाव एकच सांगत आलो, जमीन कसा, ताबा दाखवा. सरकारने 27 डिसेंबर 1978 च्या ठरावात 31 मार्च 1978 पर्यंतची अतिक्रमणं कायम करायचं मान्य केलं. त्यासाठी पुरावा कसला लागला? नांगरलेल्या शेताचा. पंचनाम्यात पीक दिसलं पाहिजे, बांध दिसला पाहिजे, दंडाची पावती असली तर आणखी बरं. ज्यानं झाडं तोडून शेत काढलं त्याचा ताबा मोजला गेला. ज्यानं वीस येनाची झाडं तशीच राखली, दरवर्षी छाटली, त्यावर कोसा घेतला, त्याला पट्टा मागायला तोंडच नव्हतं. त्याच्याकडे दाखवायला होती फक्त झाडं. आणि झाडं म्हणजे जंगल, जंगल म्हणजे सरकारचं. काही गावांत लोकांनी ताबा दिसावा म्हणून कोसाची झाडंच तोडली. ती तोडताना आम्ही तिथे होतो, आणि थांबवलं नाही. तेव्हा आम्हालाही शेत म्हणजे नांगर एवढंच कळत होतं.

म्हणून आमची पहिली मागणी ही, की कोसाची झाडं हा ताबा मानला जावा. ज्या कुटुंबाने ज्या झाडांवर कोसा घेतला ती झाडं, ती जागा, त्याचं नाव गावाने कागदावर लिहावं. पट्टा नांगरालाच का, कोयत्याला का नाही?

यातून लगेच दुसरं भांडण उभं राहतं आणि तेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे कोसा मुख्यतः ढिवर करतात. ढिवर सरकारी यादीत आदिवासी नाहीत. आपल्या काही गोंड पोरांचं म्हणणं, जंगल आपल्या गावाचं, हक्क आदिवासींचा, ढिवरांनी झाडं वापरायची तर गावाला पैसे द्यावे. एका गावात तर यावरून मागच्या हंगामात झोपडी उठवायची वेळ आली. आम्हाला हे चूक वाटतं. ढिवराचं जाळं आपल्याच तलावात पडत आलं, त्याचा कोसा आपल्याच येनावर बसत आला, आणि आपल्या लग्नात त्याचाच कोसा नवरदेवाच्या अंगावर असायचा. यादी सरकारने केली. यादीत कोण आहे त्यावरून गावात कोण राहतं ते ठरत नाही. गावाने झाडं राखण्यासाठी काही नियम करावे, किती झाडं छाटायची, कोणती विसाव्याला ठेवायची, हे जरूर ठरवावं. पण ते ढिवरांना बसवून ठरवावं. त्यांना वगळून केलं तर रेंजर ढिवराला आपल्याविरुद्ध उभा करेल, आणि आपण दोघंही मरू. शिवाय कोसा करायचं ज्ञान त्यांच्याकडे आहे. ते गेले तर आपण फक्त झाडं मोजत बसू.

नेमांबद्दल एक शब्द. बऱ्याच ठिकाणी कोसाच्या जागेत बाईनं पाय ठेवायचा नाही असा नेम आहे. मात्र कोष उकळून सूत काढायला बाईच लागते. मांडी उघडी ठेवून, त्यावर तार वळत, दिवस दिवस. मांडीची कातडी सोलून निघते ते तुम्ही घरी बघितलं असेल. कोसाचा मान राखावा, पण हा नेम बदलावा असं आमच्या बायांच्या बैठकीत निघालं आणि आम्ही ते जसंच्या तसं छापतो आहोत. सूत काढायची चक्की आता मिळते. ती गावात यावी, आणि तिचे पैसे सुताच्या हिशोबात बाईच्या नावावर जावे.

कारण खरा पैसा तिथेच आहे. कोष आपण शेकड्यानं, हजारानं मोजून विकतो. व्यापारी बऱ्याचदा आधीच उचल देऊन बसलेला असतो, भाव तोच ठरवतो. कोषापासून सूत आणि सुतापासून कापड झालं की ते आपल्या हातून गेलं. आरमोरी, नागभीड आणि तिकडे भंडाऱ्याकडे मोहाडी-आंधळगावला कोष्टी लोकांचे माग आहेत. करवतकाठी लुगडं तिथेच विणतात. त्यांना सूत लागतं, आणि त्यांच्यातले कित्येक आज बाहेरचं सूत घेऊन विणतात, कारण जवळचं पुरेसं मिळत नाही. आपला कोष बाहेर जातो आणि त्यांचं सूत बाहेरून येतं! मधल्या वाटेवर कोण जेवतं ते सांगायला नको. आमच्यातले दोघं यंदा मागवाल्यांकडे जाऊन आले. पाच-दहा किलो सूत गावातून थेट दिलं तर घ्यायला ते तयार आहेत, पण तार एकसारखी पाहिजे, गाठीची चालणार नाही. हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. आपलं सूत आज गाठीचं आहे.

बियाण्याचं सांगतो. मागच्या वर्षी आमच्या एका गावाने एका सरकारी केंद्रावरून अंडीपुंज घेतले. ते येईपर्यंत किडे वाटेतच निघाले होते, निम्मे पेटीत मेले. ओरड केली तर, पुढच्या वेळी लवकर अर्ज करा, असं उत्तर मिळालं. यावरून काही जण म्हणतात, सरकारी बियाणं नकोच, आपलं आपण राखू. आम्ही अर्धं मान्य करतो. आपले कोष राखलेच पाहिजेत, कारण ते इथल्या पावसाला आणि इथल्या पाल्याला सरावलेले आहेत. पण रोग मादीच्या पोटातून अंड्यात उतरतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. सरकारी केंद्रात मादी ठेचून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि रोगट अंडी फेकून देतात. ते शिकायला दहावी पास पोरगी पुरे. दोन-तीन गावांनी मिळून एक यंत्र घेतलं आणि आपली दोन पोरं शिकवून आणली, तर बियाणंही आपलं आणि तपासणीही आपली. शाळेत शिकलेल्या पोरांना गावात काही काम नाही अशी ओरड आपण नेहमी करतो, तर हे एक काम आहे.

आणखी एक, धानावर फवारा मारताना येनाच्या पट्ट्याकडे वारा असला तर त्या दिवशी मारू नका. किडा त्या औषधानं मरतो. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगितलं तर तो फांद्या हलवू शकतो.

आता रंगाकडे वळतो. रंग नकोच असं आमचं म्हणणं नाही. कोसा रंग छान धरतो, कापसापेक्षा सोपं. लाख धुतली की लाल पाणी निघतं, ते आपण फेकून देतो. तुरटी घालून त्यात कोसाचं सूत रंगवलं तर पक्का लाल येतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा गंज आणि गूळ मुरवून केलेलं पाणी मिसळलं की काळा येतो. पळसाचा पिवळा दिसायला सगळ्यात देखणा, पण तो उन्हात उडतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं, नाहीतर एकदा फसलेला परत येणार नाही. पळसाची फुलं तशीही फाल्गुनात जमिनीवर पडून जातात, वेचली तर झाडाचं काही जात नाही. हिरडा वेचायलाही हरकत नाही, थोडा झाडाखाली पडू द्या, रोप उगवायला पाहिजे.

सालीचं मात्र वेगळं आहे. बुंध्याभोवती साल सोलली की झाड वाळतं, हे जनावरं राखणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. पोत्याच्या भावाने साल घेणारा माणूस आला की उभ्या झाडाची साल निघते, पडलेल्या झाडाची नाही, कारण उभं झाड जवळ असतं. दोन वर्षांत येन संपेल आणि मग गाडी दुसऱ्या गावाला जाईल. म्हणून उभ्या येनाची साल विकायची नाही असा ठराव गावांनी करावा. कूप तुटल्यावर पडलेली साल आहे, ती घ्या. सरपणाचाही विचार करा. रंगाला उकळी लागते, उकळीला लाकूड लागतं. पोतीच्या पोती रंग गावात उकळायचा म्हटलं तर तेवढ्या सरपणाचा जाब उद्या गार्ड विचारेल आणि तेव्हा तो खोटा नसेल.

अंबाडी आणि तागाबद्दल थोडक्यात. दहा वर्षांमागे प्रत्येकाच्या बांधावर अंबाडी होती. पाल्याची भाजी, बोंडाची चटणी, आणि तळ्यात कुजवून काढलेल्या वाखाचे दोर, दावी, खाटेची सुतळी. आता बाजारातून नायलॉनचा दोर आणतो, तो बैलाच्या मानेला कापतो आणि पैसेही लागतात. ताग धानाच्या बांधीत गाडला तर खत होतो, राखला तर दोर होतो. यासाठी ना पट्टा लागतो ना परवाना. पावसाआधी मूठभर बी शेजाऱ्याकडून मागून आणा, एवढंच.

सरकार म्हणेल, झाडांचा हक्क कुठल्या कायद्यात आहे? 1950 च्या कायद्याने जमीनदाऱ्या गेल्या, जंगल सरकारजमा झालं, पण गावांचे निस्तार हक्क लिहून ठेवले गेले. तहसीलमधून आपल्या गावाचं निस्तार पत्रक मागा आणि वाचून बघा. दुसरं, 24 डिसेंबर 1996 चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनउपजाची मालकी देतो. बाबूंनी तो फायलीत दाबून ठेवला तरी कायदा आहे. कोष जर वनउपज आहे असं तुमचाच 1927 चा कायदा म्हणतो, तर पेसाप्रमाणे तो ग्रामसभेचा झाला. दोन्ही कायदे त्यांचेच आहेत, त्यांनी एक कुठला तरी मानावा. आणि कोष ग्रामसभेचा असेल तर ज्या झाडावर तो येतो ते झाड ग्रामसभेला न विचारता कुपात तोडता येणार नाही, हे त्यातूनच निघतं. यावर वकिलाचा सल्ला आम्ही घेत आहोत, पण सल्ला येईपर्यंत थांबायची गरज नाही.

मृग लागायच्या आधी प्रत्येक गावाने येन आणि अर्जुनाची झाडं मोजावी. कोणत्या पट्टीत किती, कोण त्यावर कोसा घेतं, किती वर्षांपासून. म्हाताऱ्यांना सोबत न्या, त्यांना जागांची नावं ठाऊक आहेत, आणि ती नावं तशीच लिहा. ढिवर टोल्यातला किमान एक माणूस मोजणीत असलाच पाहिजे. झाडावर चुन्याची खूण करा, कुऱ्हाडीची नको. यादी ग्रामसभेत वाचून, सह्या-अंगठे घेऊन, एक प्रत रेंजरला पोचपावतीसह द्या आणि एक संघटनेकडे पाठवा. पोचपावती द्यायला ते टाळाटाळ करतील. तेव्हा एकट्या-दुकट्याने जाऊ नका, दहा जण जा, आणि पावती मिळेपर्यंत तिथेच बसा.